अंदाजातलं शेवटचं वाक्य

दिवाळी सरली की कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पत्रकांना एक ठरावीक वळण लागतं. आधी घट येते: येत्या दोन-तीन दिवसांत किमान तापमान दोन ते तीन अंशांनी उतरेल. तिच्यामागून वाढ येते: त्यानंतर पारा हळूहळू चढेल. कल्याणहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकात मी हवामानाची चौकट लिहिते आणि राहते शहाडला. पहिल्या वाक्याचा आमच्याकडे मथळा होतो. दुसरं वाक्य, पानावर जागा कमी पडली की सगळ्यात आधी उडतं. ऐनवेळी एखादी जाहिरात येते, कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि पान लावणारा मुलगा विचारतो, "ताई, हे शेवटचं काढू का? नंतर थंडी कमी होणार, एवढंच तर आहे." मी नाही म्हणते. मथळा लहान कर, वरचा फोटो काप, पण ते वाक्य राहू दे. हा हट्ट का, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात थंडी येण्याइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, तिचं जाणं महत्त्वाचं असतं.

वाचकाला आधी आकडा लागतो. "मुंबईचा पारा घसरला" असं टीव्हीवर झळकतं तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा सांताक्रूझचा असतो. कुलाब्याचा निराळा. सांताक्रूझची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ ची. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७ अंश होते. एकाच शहरात, एकाच पहाटे, चार अंशांहून जास्त फरक. मग खाडी ओलांडून, ठाणं मागे टाकून, आणखी आत आलेल्या आमच्यासारख्यांनी मुंबईचा आकडा आपला कसा मानायचा? कसाऱ्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये ही गोष्ट अंगाला कळते. ठाण्यापर्यंत पंखे चालू असतात. डोंबिवलीला कुणीतरी पंखा बंद करतं. कल्याण सुटलं की खिडक्यांच्या काचा धडाधड खाली येतात, आणि शहाडला उतरताना बायका डोक्यावरून ओढणी घेतात. गाडी पुढे उल्हास ओलांडून आंबिवली-टिटवाळ्याकडे निघाली की दारात उभं राहायला कुणी तयार नसतं.

याची कारणं साधी आहेत आणि ती चौकटीत अधूनमधून पुन्हा सांगावी लागतात. अरबी समुद्राचं पाणी डिसेंबरातही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे किनाऱ्यालगतची रात्र फारशी निवत नाही. आम्ही त्या उबेपासून लांब. शिवाय आमच्या पाठीशी डोंगर आहेत: माथेरानची रांग, चंदेरी, तावली, मलंगगड. आभाळ निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि वारा पडलेला असेल, तर सूर्यास्तानंतर जमीन भराभर उष्णता सोडते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने खाली सरकते. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूने उतरून कर्जत, बदलापूर करत शहाडजवळून कल्याणच्या खाडीकडे जाते. गार हवाही रात्रभर याच सखल भागात येऊन साचते. म्हणून बदलापूर आमच्याहून गार आणि आम्ही ठाण्याहून गार. बदलापूर-अंबरनाथमध्ये हौसेने घरच्या गच्चीवर यंत्रं लावून रोजची नोंद ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या नोंदी अधिकृत नसतात, तरी त्यांच्यामुळेच हा फरक लोकांच्या ध्यानात आला, असं माझं मत आहे.

नोकरीच्या सुरुवातीला संपादकांनी मला वेधशाळेतलं काम बघून यायला पाठवलं होतं. थंडीचा आकडा कुठून येतो ते तेव्हा पाहिलं. झडपांची पांढरी लाकडी पेटी, चार पायांवर उभी, दार उत्तरेकडे, म्हणजे वाचताना ऊन आत जाऊ नये. किमान तापमापक पेटीत आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीत पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि त्या द्रवात बुडालेली एक बारीक काळसर दांडी. रात्री द्रव आकसतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग त्या दांडीला मागे ओढत नेतो. पहाटेनंतर हवा तापू लागते, द्रव पुढे सरकतो, पण दांडीला तिथेच सोडून. सकाळी साडेआठला निरीक्षक वाकून त्या दांडीचं टोक कुठे आहे ते वाचतो आणि वहीत लिहितो. मग नळी तिरकी करून दांडी पुन्हा द्रवाच्या टोकाशी आणतो, पुढच्या रात्रीसाठी. मी बराच वेळ ती नळी बघत राहिले. रात्र कुठवर उतरली एवढंच ती दांडी सांगते. किती वाजता उतरली, नंतर कशी चढली, वारा कुठून सुटला, हे तिच्याकडे नसतं. आमच्या पेशात मात्र लोक त्या एका आकड्यावर सगळा हिवाळा मोजतात.

चौकटीचं काम दुपारी सुरू होतं. आधी उपग्रहाचं चित्र. इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये सोडला गेला, त्याची चित्रं हवामान खातं सतत देत असतं. मी आधी महाराष्ट्र बघत नाही. नजर वर जाते, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेला पश्चिमी झंझावात तिथे ढगांच्या लांबट पट्ट्यासारखा दिसतो. तो काश्मीर-हिमाचलवर पोचला की डोंगरावर बर्फ आणि खाली पंजाबात पाऊस. तो पूर्वेकडे निघून गेला की मागे आभाळ स्वच्छ होतं आणि उत्तरेकडचे कोरडे, गार वारे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशावरून खाली वाहू लागतात. दोन-तीन दिवसांत ते आमच्याकडे पोचतात. म्हणून गुलमर्ग, मनाली, शिमला ही गावं उल्हासनगरच्या बातमीतली गावं आहेत, असं मी नव्या मुलांना सांगते. सहलीच्या पुरवणीपुरती ती नव्हेत. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९०५ पासून शिमल्यालाच होतं आणि १९२८ मध्ये ते पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडी शिमला आणि हवामान असे पूर्वीपासून एकत्र आहेत.

बर्फ पडला की तिसऱ्या दिवशी आपल्याकडे थंडी, हा ठोकताळा सोयीचा आहे. तो दर वेळी लागू पडत नाही. २०२४ चा डिसेंबर याचं चांगलं उदाहरण. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले, आणि उत्तरेचे वारे आमच्यापर्यंत येईनात. पूर्वेकडून जमिनीवरून तापत आलेला वारा, दमट हवा, ढग. ४ डिसेंबरला सांताक्रूझचं कमाल तापमान ३७.३ अंशांवर गेलं. डिसेंबरात! लग्नसराई सुरू झालेली, मांडवात माणसं रुमालाने वारा घेत होती. आणि ९ डिसेंबरला त्याच सांताक्रूझला किमान तापमान १३.७ अंश. पाच दिवसांतला हा पालट. त्या दिवशी मला कार्यालयात भांडावं लागलं, कारण मथळा तयार होता: "पारा २४ अंशांनी कोसळला". दुपारचं कमाल आणि पहाटेचं किमान यांची वजाबाकी करता येत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मथळा देणाऱ्याला समजावलं आणि त्याने तो बदलला. शिमल्यात मोसमातला पहिला बर्फ त्याच ८-९ डिसेंबरला पडला. म्हणजे आमच्याकडची ती थंडी त्या बर्फाची नव्हतीच. चक्रीवादळाचा ओलावा निघून गेला, आभाळ मोकळं झालं, अडलेला उत्तरेचा वारा सुटला, म्हणून ती पडली.

थंडीचे दिवस जवळ आले की फोन येऊ लागतात, आणि कोण काय विचारतं यावरून या पट्ट्याची ओळख होते. उल्हासनगरचे गरम कपड्यांचे एक घाऊक व्यापारी दर दिवाळीच्या आधी विचारतात, "मॅडम, इस बार ठंडी का क्या लगता है?" स्वेटर, जाकीट, शाली असा माल लुधियानाहून आधीच मागवावा लागतो. थंडी लांबली तर तो गोदामात पडून राहतो, लवकर पडली तर कमी पडतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभं केलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या शेठजींचे आजोबा बराकीत राहिलेले. दोन महिन्यांचा अंदाज कुणालाच नेमका देता येत नाही, आठ-दहा दिवसांचा देता येतो, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगते. तरी ते विचारतात, कारण त्यांना ठरवावं लागतंच.

दुसरा प्रश्न नेहमीचा: "ही थंडीची लाट आहे का?" इथे मी नियमावर बोट ठेवते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर लाट. किनारपट्टीच्या केंद्रांसाठी १५ अंश किंवा खाली आणि तीच साडेचार अंशांची तूट. बदलापूरला कुणाच्या गच्चीवर १२ अंश दिसले म्हणून लाट होत नाही. पण लाट नाही म्हणजे थंडी नाही, असंही नाही. सिमेंटच्या चाळीत दार लावून, दोन गोधड्या घेऊन झोपणाऱ्याला जे १२ अंश सुखाचे वाटतात, ते उघड्यावर झोपणाऱ्याला सुखाचे नसतात. हे नियमात नाही. ते चौकटीत लिहावं लागतं.

उघड्यावरचे लोक आमच्याकडे कोण, तर वीटभट्टीवरचे. शहाडहून मुरबाड रस्त्याला लागलं की म्हारळ, वरप, कांबा, पुढे रायते, आणि पलीकडे टिटवाळ्याची बाजू. उल्हास आणि काळूच्या काठाने भट्ट्या आहेत. दिवाळीच्या सुमाराला मुरबाड-शहापूरकडून कातकरी कुटुंबं उचल घेऊन इथे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात. मी बातमीसाठी तिथे पहिल्यांदा गेले ते थंडीचं वृत्त करायला. पहाटे तीनच्या सुमाराला. दिवसा उन्हात चिखल लवकर सुकतो आणि अंगमेहनत जीव काढते, म्हणून विटा पाडायचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं. मातीत भाताचं तूस आणि राख मिसळून आदल्या संध्याकाळी भिजत टाकलेला चिखल एक माणूस पायाने तुडवत होता. एक बाई ओणवी बसून त्या चिखलाचा गोळा साच्यात आपटत होती, वरून हात फिरवून सारखा करत होती, साचा उचलून चार पावलं जाऊन जमिनीवर उपडा करत होती. वीट सुटली की साचा पाण्यात बुचकळायचा आणि परत. त्या पाण्यात मी बोटं घातली. क्षणभरात ती सुन्न झाली. तिचे हात मनगटापर्यंत त्यात सारखे जात-येत होते. पलीकडे गवताने शाकारलेल्या खोपटात तिची दोन मुलं एका गोधडीत होती आणि धाकटं सारखं खोकत होतं.

मी थंडीबद्दल विचारत राहिले. हात बधिर होतात का, शेकोटीला लाकूड मिळतं का, मुलांना काय पांघरता. ती उत्तरं देत होती, कामही चालू होतं. मग मुकादम जवळ आला. मी पेपरात हवामान लिहिते असं कळल्यावर त्याने एकच विचारलं, "ताई, थंडी राहू द्या. वारा कुठचा हाय?"

मी सांगितलं, उत्तरेचा आहे, अजून दोन दिवस राहील, मग फिरेल. तो म्हणाला, "फिरला म्हंजे ढग आलं. ढग आलं म्हंजे आमचं गेलं."

त्या वाक्याने मला माझ्या कामाची दिशा दिली. त्याने पुढे दाखवलं ते असं. नुकती पाडलेली वीट रांगेत पालथी पडलेली असते, ओली, लोण्यासारखी मऊ. थोडी सुकली की ती उभी करतात, मग एकावर एक रचून वारा लागू देतात, आणि पुरती वाळल्यावर ती भट्टीत जाते. तोवर ती नुसती माती आहे. अर्ध्या तासाची एक सर आली तर पालथ्या रांगांचा पुन्हा चिखल होतो. उत्तरेचा कोरडा वारा हा विटेचा मित्र: थंडी बोचते, हात फुटतात, पण वीट वाळते. आणि मजुरी हजार विटांवर ठरते. भिजून गेलेल्या विटा त्या हजारात धरायच्या की नाही, याचा न्याय भट्टीगणिक वेगळा. एके ठिकाणी मालक निम्मी मजुरी देतो, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, आणि उचलीचा आकडा मात्र वहीत तसाच राहतो. ज्या ऊबदार रात्रीची आम्ही घरात बसून वाट बघतो, ती रात्र या माणसांना कर्जात ढकलू शकते.

अशा वेळी हवेत घडतं ते असं. पुढचा पश्चिमी झंझावात जवळ येऊ लागला की इकडचा उत्तरेचा वारा मंदावतो, दिशा बदलून आग्नेयेकडे, दक्षिणेकडे झुकतो, आणि समुद्रावरचा ओलावा घेऊन येतो. आभाळात उंचावर पांढरे, पिंजलेले ढग दिसतात. रात्री हे ढग जमिनीची उष्णता वर सुटू देत नाहीत, म्हणून किमान तापमान चढतं. लोकांना बरं वाटतं. पत्रकात लिहिलेलं असतं, हळूहळू वाढ. प्रत्येक वेळी त्या वाढीच्या पाठोपाठ पाऊस येतो असं मुळीच नाही. बहुतेकदा ढग नुसते येतात आणि जातात. पण नोव्हेंबर ते जानेवारीत जेव्हा अवकाळी येतो, तेव्हा त्याच्या आधी ही ऊब जवळजवळ नेहमी येऊन गेलेली असते.

१ आणि २ डिसेंबर २०२१ हे दिवस या भागातला कुणी भट्टीवाला विसरलेला नाही. अरबी समुद्रावरून आलेला ओलावा आणि उत्तरेकडची हवामानप्रणाली एकत्र आली आणि ऐन डिसेंबरात पावसाळ्यासारखा पाऊस लागला. थांबतच नव्हता. जुन्नर, आंबेगाव, पारनेर या भागांत उघड्यावर बसलेली मेंढरं पावसाने भिजून, गारठून मोठ्या संख्येने मेली. त्याच्या बातम्या सगळ्यांनी केल्या आणि त्या करायलाच हव्या होत्या. मुरबाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना कच्च्या विटांच्या रांगा वितळून सपाट झाल्या होत्या. त्याची बातमी फार थोड्यांनी केली. नंतर २६ नोव्हेंबर २०२३. त्या दिवशी मुंबई-ठाण्यातही पाऊस झाला, पण खरा तडाखा घाटमाथ्यापलीकडे बसला. निफाड आणि पारनेरच्या बाजूला अशा गारा पडल्या की शेतं आणि रस्ते पांढरे झाले. टीव्हीवर कुणी म्हणालं, महाराष्ट्राचं काश्मीर झालं. मला तो शब्द फार लागला. काश्मीरच्या बर्फाखाली सफरचंदाची झाडं नुसती निजतात. निफाडच्या गारांखाली घड लागलेल्या द्राक्षबागा झोडपून निघाल्या होत्या. आपल्या मुलखात आभाळातून बर्फ पडतो तो असाच, गारांच्या रूपात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला कधीकधी पहाटे दव गोठतं, तेवढंच काय ते देखणं.

शेतकऱ्यांची गोष्टही अंदाजातल्या त्या शेवटच्या वाक्याशीच येऊन थांबते. मुरबाडकडचे शेतकरी भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल आणि हरभरा करतात. वालाला थंडी आणि दव मानवतं. ढगाळ ऊब आली की मावा पडतो. आंब्याला मोहोर फुटायला थंडीचा ताण लागतो. फुटल्यावर ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे. द्राक्षवाल्यांचं आणखी अवघड, त्यांना कडाक्याची थंडीही नको, कारण मणी तडकतात, म्हणून निफाडकडे बागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात. आणि ऊबही नको, कारण मग रोग. मात्र शेतकऱ्याला निदान विचारणारं कुणी आहे. हवामान खातं आणि कृषी विद्यापीठं मिळून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, जिल्हावार कृषी सल्ला काढतात: फवारणी करा, थांबा, काढणी उरका. मोबाइलवर मेघदूत हे ॲप आहे. वीटभट्टीवरचा माणूस यातल्या कशातच बसत नाही. तो शेतकरी नाही, कारखान्यातला कामगार नाही, आणि गावच्या यादीतही नाही, कारण त्याचं गाव दुसरीकडे.

आता धुक्याबद्दल, कारण नोकरदार वाचकांचा सर्वांत मोठा गट त्याच्याशी जोडलेला आहे. सगळ्यांचा समज असा की थंडी जितकी जास्त, तितकं धुकं दाट. आमच्याकडे तसं होत नाही. सर्वांत गार पहाट बहुधा कोरडी आणि स्वच्छ असते. बदलापूरहून चंदेरीचा कडा अगदी धारदार दिसतो. धुकं दाटतं ते त्यानंतर, वारा फिरून ओलावा परत येऊ लागला पण आभाळ अजून पुरतं झाकलं नाही, अशा एक-दोन पहाटे. वांगणी ते बदलापूर आणि खडवली ते टिटवाळा या टापूत नदी, ओली शेतं आणि सखल जमीन असल्याने ते रुळांवर येऊन बसतं. मोटरमनला सिग्नल जवळ आल्यावरच दिसतो, गाड्या सावकाश चालतात, आणि कर्जत-कसाऱ्याकडच्या माणसाचा लेटमार्क लागतो. अशा पहाटेच्या आदल्या रात्री चौकटीत "उद्या पंधरा-वीस मिनिटं आधी निघा" असं लिहिता येतं, ते त्याच शेवटच्या वाक्याच्या आधारावर. तीच गोष्ट धुराची. वारा मंदावला की शेकोट्या, कचरा, भट्ट्या, वाहनं, कारखाने यांचा धूर वर न जाता जमिनीलगत तरंगत राहतो. शहाडच्या पुलावरून संध्याकाळी तो सपाट, करडा थर दिसतो. दम्याच्या माणसाने सकाळचं फिरणं नेमकं अशा दिवशी टाळावं. कडाक्याच्या दिवशी तो घरात बसतो आणि ऊब आली म्हणून बाहेर पडतो, हे उलट आहे.

अंदाज चुकतात. उत्तरेचा वारा अपेक्षेपेक्षा एक दिवस जास्त टिकतो, झंझावात काश्मीरवरच विरतो, ढग येतात ते नाशिकपर्यंत आणि तिथूनच फिरतात. २३ जानेवारी २०२२ ला तर पश्चिमी झंझावाताच्या वाऱ्यांनी पाकिस्तानच्या बाजूने धूळ आणली आणि मुंबई परिसरातल्या गाड्यांवर पांढरट भुकटी बसली. उत्तरेकडून धूळही येऊ शकते हे तोवर फारसं कुणाच्या गावी नव्हतं. पण चुकण्याची शक्यता आहे म्हणून वाक्य गाळायचं, हे मला पटत नाही. ताडपत्री टाकून ठेवली आणि पाऊस आला नाही, तर एका रात्रीची झोप मोडते. टाकली नाही आणि आला, तर दहा-बारा दिवसांची मेहनत पाण्यात जाते. हा हिशेब भट्टीवरच्या कुणालाही समजावावा लागत नाही. त्यांना फक्त आदल्या दिवशी कळायला हवं.

कळण्याचीच वानवा आहे. एका हिवाळ्यात वारा फिरणार असं पत्रक आल्यावर मी मुकादमाला फोन केला. त्याने त्याच्या ओळखीच्या भट्ट्यांना कळवलं. त्या रात्री कांब्याच्या बाजूला ताडपत्र्या पडल्या, पहाटे सर आली आणि रांगा वाचल्या. शेजारच्याच एका भट्टीवर निरोप पोचला नव्हता. तेव्हापासून थंडीच्या मोसमात मी चौकट पानावर गेली की फोन करतेच. पण एका माणसाच्या फोनवर हे चालू नये. वीटभट्ट्यांची नोंद महसूल खात्याकडे असते, मातीची रॉयल्टी तिथेच भरली जाते. म्हणजे कुठे किती भट्ट्या आहेत, कुणाच्या आहेत, हे तहसील कार्यालयाला ठाऊक आहे. विजांचा इशारा गावागावांत मोबाइलवर जातो, पुराचा जातो. त्याच वाटेने "उद्यापासून ढग, अवकाळीची शक्यता, कच्च्या विटा झाका" एवढे शब्द भट्टीमालकाला आणि मुकादमाला पाठवायला नवा खर्च लागत नाही. आणि शहाड-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचं किमान तापमान मुंबईच्या आकड्यामागे न लपवता रोज वेगळं, अधिकृतपणे जाहीर व्हायला हवं. इथे लाखो माणसं राहतात.

तोवर वाचकांना माझी विनंती आहे. थंडीची बातमी वाचाल तेव्हा मथळ्यावर थांबू नका, "त्यानंतर वाढ" कोणत्या दिवसापासून लिहिली आहे ते बघा. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या गावाबाहेरच्या भट्टीवरून जात असाल, तर मिनिटभर गाडी थांबवा आणि मुकादमाला सांगा की वारा फिरतोय, ताडपत्री काढून ठेव. तिथल्या बऱ्याच जणांना पेपर वाचता येत नाही, आणि खोपटातल्या मुलांसाठी एखादी जुनी चादर नेलीत तर तीही त्यांना उपयोगी पडेल.